सलोमीनं मटण सोडलं

चाकूरच्या मंडळीत हंगामाच्या सणाला दोन गोष्टी कधी चुकल्या नाहीत. एक म्हणजे उपासना संपल्यावरचा लिलाव, आणि दुसरी लिलावानंतरची पंगत. कुणी आणलेला भोपळा, कुणाच्या तुरीच्या शेंगा, कुणाचा पाय बांधलेला कोंबडा असं सगळं वेदीपुढून उचलून पुकारलं जायचं. एखादी म्हातारी तर आपणच वाहिलेल्या भोपळ्यावर आपणच बोली लावायची आणि तो परत घरी न्यायची. त्यात कुणाला वावगं वाटायचं नाही, कारण देवाचं देवाला पोचलेलं असायचं. पंगतीचा कायदा मात्र लिलावापेक्षा कडक होता. एकच डेग, एकच रस्सा, आणि पाळकापासून ते काल बाप्तिस्मा घेतलेल्यापर्यंत सगळ्यांच्या पत्रावळीत तोच. चाकूरच्या मंडळीनं दहा आज्ञा जमेल तशा पाळल्या असतील, पण ही अकरावी आजवर कुणी मोडली नव्हती.

ती यंदा सलोमीनं मोडली, आणि तीसुद्धा सुवार्तिकाच्या पोरीनं.

मोडली म्हणजे काय, तर लिंबाजीमामा मटणाची बादली घेऊन पुढ्यात आले तेव्हा तिनं पत्रावळीवर हात आडवा धरला. लिंबाजीमामा मंडळीतले सगळ्यांत जुने वाढपी. लहानपणी हीच पोरगी नळीसाठी भावंडांशी भांडायची, हे त्यांनी डोळ्यांनी बघितलेलं. त्यांना वाटलं, थट्टा करतेय.

"पोट बिघडलं का बाई?" त्यांनी विचारलं.

'हो' म्हणाली असती तर पंगत पुढं सरकली असती आणि ही गोष्ट सांगायचं कारण उरलं नसतं. पण सलोमीला धड खोटंही बोलता येत नव्हतं आणि धड खरंही.

"न्हाई मामा. सोडलंय मी. भाकरी नि कांदा बस हाय."

लिंबाजीमामांची पळी बादलीतच राहिली. शेजारच्या बायका वळून बघायला लागल्या. समोरच्या रांगेतली कोंडाबाई ऐकायला कमी, पण नको ते तिला बरोबर ऐकू यायचं. ती भाकरी मोडत म्हणाली, "वेगळं ताट आलं की त्याच्या मागनं जात येती बाई. आम्ही बघितलंय." तिनं ते कुणाला उद्देशून म्हटलं नव्हतं, म्हणून ते सगळ्यांनाच लागलं.

सलोमीचे वडील शमुवेल तेव्हा पाणी वाढत होते. तीस वर्षं ह्या माणसानं सायकलवरून आसपासच्या गावांत सुवार्ता सांगितली होती. त्यांनी तांब्या खाली ठेवला, लेकीकडं एकदा बघितलं आणि प्रार्थनामंदिराच्या मागं निघून गेले. पंगत नंतर उरकली, पण दुसऱ्यांदा रस्सा कुणी मागितला नाही.

आता पंगतीत कुणालाच ठाऊक नव्हतं ते सांगायला हवं.

मागच्या उन्हाळ्यात सलोमीच्या आईच्या, मार्थाबाईंच्या, फुफ्फुसात पाणी झालं. सलोमी नांदेडला एका खाजगी दवाखान्यात नर्स. आईला तिनं तिथंच आणलं, आणि दोन दिवसांत मार्थाबाई मशीनवर गेल्या. नर्स असण्याचा तोटा असा की मशीनवरचे आकडे तिला वाचता येत होते. बाकीच्या नातेवाइकांना डॉक्टर येऊन धीर द्यायचे. हिला कोण देणार, ही त्याच डॉक्टरांना फाईल आणून द्यायची.

आयसीयूच्या बाहेरच्या बाकावर त्या दिवसांत सगळा जिल्हा बसलेला होता. कुणी मुलासाठी चप्पल सोडली होती, कुणी नवऱ्यासाठी गोड. एका म्हातारीनं सुनेसाठी दर्ग्याला चादर बोलली होती आणि ती दर तासाला मोठ्यानं देवाला त्याची आठवण करून देत होती. सलोमीनं आपल्या घरातल्यासारखी प्रार्थना करून बघितली. तुझी इच्छा पूर्ण होवो, असं म्हणायचं असतं. ते तिच्या तोंडातून निघेना, कारण त्याची इच्छा काय आहे ह्याचीच तिला धास्ती होती. मग ती भिंतीला डोकं टेकून हळूच म्हणाली, आईला उठव, मी जन्मभर मांस, मासळी, अंडं तोंडाला लावणार नाही.

दुसऱ्या सकाळी मार्थाबाईंनी डोळे उघडले. नवस फळला, आणि सलोमी त्यात अडकली.

घरी हे सांगणं शक्यच नव्हतं. देव काही अडत्या नव्हे, माल तोलून घ्यायला आणि भाव करायला, हे शमुवेलचं आवडतं वाक्य. लातूरच्या अडतीत तरुणपणी त्यांनी हमाली केली होती, त्यामुळं ते वाक्य ते मनापासून म्हणायचे. सुवार्तिकाच्या पोरीनं नवस केला, तोही बाकावरच्या बायकांचं ऐकून, हे सांगायची तिला लाज वाटली. आणि मोडायची भीती वाटली. लाज आणि भीती अशा दोन्ही बाजूंनी दाबली गेली की माणूस गप्प बसतं. तीही गप्प बसली.

पंगतीच्या संध्याकाळी शमुवेलनी तिला अंगणात बसवलं. मार्थाबाई चुलीपाशी होत्या. दवाखान्यातून आल्यापासून त्यांना चार पावलं टाकली की बसावं लागायचं, पण चूल काही त्यांनी सोडली नव्हती.

"सोडायला बंदी न्हाई," शमुवेल म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, आणि तेच वाईट होतं. "समद्यांच्या तोंडावर सांगतो, शास्त्रात बंदी न्हाई. खाणाऱ्यानं न खाणाऱ्याला कमी लेखू नये, न खाणाऱ्यानं खाणाऱ्याला नावं ठेवू नयेत, असं सोडवून सांगितलंय. मी इचारतोय ते निराळं. कुणापायी सोडलंस?"

"असंच, पप्पा. मन न्हाई होत."

"मन? तुझं?" त्यांना हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. "लोक काय बोलून राहिले ठाऊक हाय? लिंगायताच्या घरात खोली मिळावी म्हणून शमुवेलच्या पोरीनं सोडलं."

"तसं न्हाई."

"मग कसं हाय ते सांग."

तिनं सांगितलं नाही. शमुवेल तिच्याजवळ सरकून बसले.

"माझ्या बापानं बी सोडलं होतं," ते म्हणाले. "बाप्तिस्म्याच्या आधी. गावातले मोठे लोक म्हणायचे, तुम्ही खाता म्हणून तुम्ही असे. बाप भोळा. त्यानं वर्षभर सोडलं. घरात कुणाला हात लावू दिला न्हाई. आणि मग गेला विहिरीवर, सांगायला, की आता आम्ही खात न्हाई. त्याच्या ओंजळीत पाणी वरूनच ओतलं त्यांनी, पहिल्यावाणीच. तवा त्याला कळलं की भांडण खाण्याचं नव्हतंच. म्हणून आपली पंगत एक हाय सलू. हौस म्हणून न्हाई."

मार्थाबाई चुलीपासून म्हणाल्या, "जेवू द्या तिला. सकाळच्याला गाडी हाय तिची."

ती जेवली नाही. सकाळी वडिलांनी तिला स्टँडवर सोडलं, पिशवी वर चढवून दिली, आणि गाडी सुटेपर्यंत सोयाबीनच्या भावाबद्दल बोलत राहिले.

लोकांचं बोलणं अगदीच बिनबुडाचं होतं असंही नाही, आणि सलोमीला डाचत होतं ते हेच. खोलीसाठी तिनं मटण सोडलं नव्हतं. पण सोडल्यावर खोली मिळाली, हे खरं होतं.

आई तपासणीला येईल तेव्हा उतरायला जागा हवी म्हणून तिनं हॉस्टेल सोडायचं ठरवलं होतं. तीन ठिकाणी आधी नाव ऐकून आणि मग 'खाणं-पिणं' विचारून लोकांनी खोली आताच गेल्याचं सांगितलं. चौथं घर शरणम्मांचं. शरणम्मा देगलूरकडच्या, नवरा वारलेला, एक मुलगा पुण्याला, एक हैदराबादला. कपाळावर विभूती, हातात सतत काहीतरी निवडायचं सूप. त्यांनीही तेच विचारलं. सलोमी म्हणाली, "ख्रिश्चन आहे काकू. पण मी खात नाही." शरणम्मांचा चेहरा एकदम मोकळा झाला. "मग तू आमच्यातलीच की," त्या म्हणाल्या आणि कमरेची किल्ली काढून दिली.

सलोमीला बरं वाटलं. उगीच लपवण्यात अर्थ नाही, चांगलंच बरं वाटलं. तीन दारं बंद झाल्यावर चौथं असं सताड उघडलं की का उघडलं ते माणूस विचारत नाही.

आणि शरणम्मा मनानं फार चांगल्या होत्या. कडक भाकरी, शेंगांची चटणी, अमावस्येला पुरणपोळी, काही ना काही जिना चढून वर यायचंच. सलोमीला ताप आला तेव्हा त्या रात्रपाळीच्या नर्ससारख्या उशाशी बसल्या. गल्लीतल्या बायकांना त्या तिचं कौतुक सांगायच्या. आमची ख्रिश्चन आहे, पण अंड्यालासुद्धा शिवत नाही. ते 'पण' सलोमीला ऐकू यायचं. ती ते ऐकून न ऐकल्यासारखं करायची.

मग धम्मप्रियाचं प्रकरण झालं.

धम्मप्रिया तिच्याच वॉर्डातली, लातूरजवळच्या मुरुडची. दोघी डबा एकत्र खायच्या. धम्मप्रियाच्या डब्यात बोंबील असला की ती डबा जरा पलीकडं सरकवून खायची, बोलायची नाही काही. तिच्या राहत्या घराचा मालक घर पाडून बांधायला निघाला होता आणि शरणम्मांची मागची खोली रिकामी होती. सलोमीनं स्वतः होऊन तिला नेलं. शरणम्मांचा आपल्यावर जीव आहे, आपण शब्द टाकला की झालं, असा तिचा हिशेब.

शरणम्मांनी पाणी दिलं, बसायला सतरंजी दिली. नाव विचारलं. नाव ऐकून त्या जरा थांबल्या. मग गाव विचारलं, वडील काय करतात विचारलं. वडील शाळेत मुख्याध्यापक होते. मग शेवटचा प्रश्न आला.

"खाते मी," धम्मप्रिया सरळ म्हणाली. "पण इथं शिजवणार न्हाई. बाहेर खाईन. तुम्हाला तरास होणार न्हाई."

"बाहेर खाल्लं तरी अंगात राहतंच की बाळ." शरणम्मांचा आवाज मऊच होता. मग त्यांनी सलोमीच्या पाठीवर हात ठेवला. "हिला बघ. ही कोण हाय, सांग बरं. हिच्या घरात बी समदे खातात. हिनं सोडलं ना? मनात आणलं की सुटतं. मी जात बघत न्हाई. जात बघत असते तर ही राहिली असती का इथं? तू बी सोड, खोली तुझी."

सलोमीच्या पाठीवरचा तो हात तिला हलवता आला नाही. सांगायला हवं होतं, काकू, माझं सोडणं निराळं आहे. पण निराळं म्हणजे कसं, हे सांगितलं तर नवस सांगावा लागला असता. ती नखांनी सतरंजीचा दोरा ओढत बसली.

धम्मप्रिया पाणी पिऊन उठली. फाटकाशी आल्यावर तिनं स्कार्फ बांधला.

"तू खावं का न खावं, त्याला माझी काय हरकत न्हाई," ती सलोमीला म्हणाली. "पण तुझ्या ताटाकडं बोट दाखवून मला बाहेर काढलं आज. आणि तू बसून राहिलीस."

ती चालत गेली. दुसऱ्या दिवशीपासून डबे वेगळे झाले. भांडण झालं नाही. धम्मप्रियाची जेवायची वेळ बदलली, एवढंच.

त्या रविवारी सलोमी उपासनेनंतर नांदेडच्या पाळकांकडं गेली. पाळक तरुण होते, शिकलेले होते, आणि त्यांची बाहेर एका लग्नाची मंडळी वाट बघत होती.

"ख्रिस्ती माणसानं मांस सोडलं तर चालतं का?" तिनं विचारलं.

"चालतं की," पाळक म्हणाले. "सृष्टी घडवल्यावर पहिल्या बागेत देवानं माणसाला झाडाचं फळच दिलं होतं. मांसाची परवानगी नंतरची. खाल्लं म्हणून आपण देवाला जवळ होत नाही, नाही खाल्लं म्हणून लांब जात नाही. फक्त दुसऱ्यावर लादू नये."

"आपण लादलं न्हाई. पण आपलं नाव घेऊन दुसऱ्यानं लादलं तर?"

पाळकांनी बाहेरच्या लग्नाच्या मंडळीकडं बघितलं.

"आणि नवस केला असला तर?" तिनं घाईघाईनं विचारलं. "मोडता येतो?"

हे पाळकांना पाठ होतं. "केलेला नवस फेडावा. करून न फेडण्यापेक्षा न केलेला बरा, असं शास्त्र स्पष्ट सांगतं. कुणाचा आहे?"

"एका पेशंटचा," सलोमी म्हणाली, आणि ह्या वेळी खोटं तिला बरोबर जमलं.

परत येताना तिला रविवारच्या शाळेत ऐकलेली एक गोष्ट आठवत राहिली. एका सरदारानं लढाईला जाताना नवस केला होता, जिंकून आलो तर घराच्या दारातून जे पहिलं सामोरं येईल त्याचा देवाला बळी देईन, आणि तो फेडावा लागला त्याच्या मुलीला, कारण पहिली तीच धावत आली. लहानपणी ती गोष्ट ऐकून सलोमी रडली होती आणि तिनं विचारलं होतं, मुलीला आधी कुणी विचारलं का नाही. बाई म्हणाल्या होत्या, पुढं वाच. तिनं वहीत फक्त मुलीचं चित्र काढलं होतं.

माघ लागता लागता मार्थाबाई तपासणीला नांदेडला आल्या. ह्या खेपेला चार दिवस राहायचं ठरलं होतं. शमुवेलनी त्यांना चाकूरला गाडीत बसवून दिलं. अहमदपूर, लोहा करत गाडी दुपारी पोचणार होती. सलोमीची पाळी लांबली आणि ती स्टँडवर उशिरा पोचली. गाडी लागून गेली होती. बाकांवर आई दिसेना. तिचा जीव वरखाली व्हायला लागला. ती फलाट धुंडत शेवटापर्यंत गेली.

मार्थाबाई तिथं होत्या. फलाटाच्या टोकाला, पाण्याच्या टाकीपलीकडं, भिंतीकडं तोंड करून बसलेल्या. पदर डोक्यावरून पुढं ओढलेला. त्या अंडं खात होत्या.

सलोमी थांबली. डॉक्टरांनी दवाखान्यातून सोडतानाच बजावलं होतं, अंगात ताकद नाही, रोज दोन उकडलेली अंडी पोटात गेलीच पाहिजेत. त्या वेळी कागदावरचं ते वाचून सलोमीनंच आईला समजावून सांगितलं होतं. ह्या चार दिवसांत आई ती कुठं खाणार, हे तिच्या डोक्यात आलंच नव्हतं. आईच्या डोक्यात आलं होतं.

मार्थाबाईंनी शेवटचा घास गिळला. टरफलं कागदात गुंडाळून कमरेला खोचली. टाकीवर जाऊन तीनदा चूळ भरली, माती चोळून हात धुतले, पदराला नाक लावून वास बघितला. मग पुडीतली बडीशेप तोंडात टाकली आणि वळल्या. लेक दिसताच त्यांचा चेहरा उजळला.

"कवा आलीस?"

"आत्ताच," सलोमी म्हणाली.

रिक्षात मार्थाबाई चाकूरच्या गोष्टी सांगत राहिल्या. कोंडाबाईचा पाय, लिंबाजीमामांच्या नातीचं लग्न. सलोमी 'हाव, हाव' करत होती आणि तिला आईच्या तोंडाला बडीशेपेचा वास येत होता.

शरणम्मा ओट्यावर तूर पाखडत बसल्या होत्या. मार्थाबाईंना बघून त्यांनी सूप बाजूला सारलं, उठून हात धरला, पायरीवर बसवलं. तीन पायऱ्यांनीच मार्थाबाईंना धाप लागली होती. शरणम्मांनी आतून गुळाचा खडा आणि पाणी आणलं.

"लेक सोन्यासारखी हाय तुमची," त्या म्हणाल्या. "गल्लीत समद्यांना सांगते मी. ख्रिश्चन असून असं वागणं सोपं न्हाई. तुम्ही बी सोडलंच असेल की आता, लेकीचं बघून?"

सलोमीनं आईकडं बघितलं. ह्याच बाईनं एकदा चाकूरला हळदीकुंकवाच्या बायकांत बसून सांगितलं होतं, मी खाणारी हाय, वाटीला हात लावायचा का न्हाई ते आधी सांगा. कुणाच्या बापाला ती भ्यायली नव्हती.

मार्थाबाईंनी मान खाली घातली. "हाव," त्या म्हणाल्या. "सोडलं."

हे आपल्यामुळं, हे सलोमीला इतकं लख्ख दिसलं की तिला आईचा रागही आला आणि स्वतःची किळसही.

"काकू, आई खोटं बोलून राहिली," ती म्हणाली. "सोडलं न्हाई तिनं. आत्ता स्टँडवर अंडं खाऊन आली. भिंतीकडं तोंड करून. चूळ भरून, हात धुऊन, तुम्हाला वास यायला नको म्हणून."

"सलू, गप की," मार्थाबाई पुटपुटल्या.

"डॉक्टरनं सांगितलंय तिला. रोज दोन."

शरणम्मा गोंधळल्या. मग त्यांनी मार्थाबाईंच्या गुडघ्यावर हात ठेवला. "अवो, औषधाचं निराळं असतं. मी काय येवढी आडमुठी न्हाई. खावा की तुम्ही. फकस्त वर खोलीत नको. स्टँडवर जाऊन खाऊन यावं, माझं काय म्हणणं न्हाई."

त्यांनी ते खरोखर मोठ्या मनानं म्हटलं होतं. मार्थाबाईंनी कृतज्ञ होऊन मान हलवली. ती हललेली मान बघून सलोमीचा उरलासुरला धीर सुटला.

तिनं आईची पिशवी ओढली. फडक्यात बांधलेली उकडलेली अंडी वरच होती. ती ओट्याच्या खालच्या पायरीवर बसली आणि एक सोलायला लागली. टरफल नीट निघेना, पांढऱ्याचे टवके उडाले. शरणम्मा काही म्हणाल्या, ते तिला ऐकू आलं नाही. तिला मशीनचा आवाज ऐकू येत होता. आई हाताच्या अंतरावर बसलीय, धाप अजून पुरती बसलेली नाही, आणि आपण जे कबूल केलं होतं ते आता मोडणार. आत्ता इथं काही झालं तर? ह्या पायरीवर? नर्स म्हणून तिला ठाऊक होतं की असं काही नसतं. पण बाकावर बसून नवस केला तो नर्सनं नव्हता.

तिनं अर्धं अंडं तोंडात टाकलं. इतक्या महिन्यांनी तो पिवळा बलक कोरडा पडून टाळूला चिकटला. तिनं तो गिळला. उरलेलं अर्धं तिनं आईपुढं धरलं.

"खा. इथं बसून खा."

मार्थाबाईंनी एकदा शरणम्मांकडं बघितलं, एकदा लेकीकडं. मग घेतलं आणि खाल्लं, आणि लगेच त्यांना ठसका लागला.

सलोमी आईला धरून पाठ चोळत राहिली, मेले, मेले, असं काहीतरी बडबडत. शरणम्माच पाण्याचा गडू घेऊन धावल्या आणि त्यांनीच तो मार्थाबाईंच्या ओठांना लावला. दोन घोट गेले. ठसका थांबला. डोळ्यांतलं पाणी पुसत मार्थाबाई म्हणाल्या, "काय न्हाई, बलक अडकला."

शरणम्मांनी गडू उचलला. तो आत न्यावा का बाहेरच ठेवावा, हे त्यांना कळेना. शेवटी त्यांनी तो ओट्याच्या कडेला ठेवला.

"महिन्याअखेरीला दुसरी खोली बघ," त्या सलोमीला म्हणाल्या. "मला लई वाईट वाटून राहिलंय. पण बघ." त्या सूप घेऊन आत गेल्या.

मायलेकी पायरीवर बसून राहिल्या.

"कशापायी सोडलं होतंस गं?" मार्थाबाईंनी विचारलं.

"तुझ्यापायी." सलोमी रडत होती. "तू मशीनवर होतीस तवा नवस केला. तू उठलीस तर मी जन्मभर खाणार न्हाई म्हणून. माझ्या ताटाकडं बोट दाखवून काकूंनी माझ्या मैत्रिणीला खोली दिली न्हाई, तरी मी बोलले न्हाई. आता मोडला."

मार्थाबाईंनी पदराच्या टोकानं लेकीच्या हनुवटीला लागलेला बलक पुसला.

"म्हणजे येवढे दिवस मी जगले ते तुझ्या ताटावर?"

"हाव."

"मला इचारायचं तर होतंस." त्यांच्या बोलण्यात राग होता, आणि तो त्यांनी लपवला नाही. "मी न्हाई म्हणले असते. तुझ्या बापाला काय वाटलं, त्या दुसऱ्या पोरीला काय वाटलं असेल, मी तिथं टाकीमागं बसून चोरावाणी खाल्लं. समदं माझ्या नावावर, आणि मलाच ठाव न्हाई." त्या श्वास घ्यायला थांबल्या. "आता ऐक. उद्या नायतर धा वर्सांनी, मी मरन ती माझी मी मरन. तवा हे अंडं आठवायचं न्हाई. ऐकू आलं का?"

"हाव," सलोमी म्हणाली.

पण तिचा हात आईच्या पाठीवरच होता, आणि आत श्वास वर येतोय का खाली जातोय, हे ती बघत होती. मार्थाबाईंनी दोनदा तो हात बाजूला सारला. तिनं तो पुन्हा तिथंच ठेवला.